अकरा चित्रे, एक हात : चित्रकलेच्या तासाचे एक प्रकरण

हे प्रकरण सातवीच्या एका तुकडीच्या चित्रकलेच्या तासाचे आहे. तुकडीत ३८ विद्यार्थी होते आणि त्यांचे वय १२ ते १३ वर्षांचे होते. आठवड्यातून एकदा ४० मिनिटांचे दोन सलग तास मिळत. कलाकक्ष स्वतंत्र होता, त्यात सात मोठी टेबले होती आणि मागच्या कोपऱ्यात कुंचले धुण्यासाठी पाण्याची सोय होती. वर्ग शांत असे, कामे वेळेत जमा होत, तास संपल्यावर टेबले पुसलेली असत. त्यामुळे येथे काही बिघडले आहे अशी शंका मला बराच काळ आली नाही. विद्यार्थ्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून कोणाचेही नाव दिलेले नाही. प्रकरण जिच्याभोवती फिरते तिला मी ‘ती विद्यार्थिनी’ एवढेच म्हणते.

चित्रे जमा झाली तो दिवस

समोर बसलेल्या मित्राचे किंवा मैत्रिणीचे व्यक्तिचित्र पेन्सिलीने ए४ कागदावर काढायचे, असे काम मी दिले होते. त्यासाठी तीन आठवडे ठेवले होते. पहिल्या आठवड्यात फळ्यावर चेहऱ्याची मोजमापे दाखवली. डोके सरळ असेल तर डोळ्यांची रेषा डोक्याच्या साधारण मध्यावर येते. मुले ती फार वर काढतात, कारण कपाळ आणि केसांनी झाकलेला भाग त्यांच्या लेखी मोजण्यासारखा नसतो. कानाचे वरचे टोक भुवईच्या आणि खालचे टोक नाकाच्या बुडाच्या आसपास येते. ही मोजमापे बरोबर आहेत आणि ती शिकवल्याचा मला पश्चात्ताप नाही. पण ती शिकवताना मी फळ्यावर एक पूर्ण चेहरा छायांकनासह काढला आणि तो तीनही आठवडे तसाच ठेवला. ज्यांचे काम उरले त्यांना कागद घरी नेण्याची परवानगीही दिली. या दोन्ही गोष्टींचा पुढे संबंध येणार आहे.

चित्रे जमा झाली त्या संध्याकाळी निवड करण्यासाठी मी ती सगळी टाचण्यांनी भिंतीवर लावली. एकेक चित्र हातात घेऊन तपासताना जे कधी दिसले नसते, ते एकत्र पाहताना दिसले. काही चित्रांमध्ये गालाखालच्या आणि मानेवरच्या सावलीच्या रेघा वरच्या डाव्या बाजूकडून खालच्या उजव्या बाजूकडे उतरत होत्या. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या समांतर रेघा सहसा याच्या उलट, वर उजवीकडून खाली डावीकडे येतात. मनगट आणि कोपर यांच्या वळणाला ती दिशा सोपी पडते. लिओनार्दो दा विंची डावखुरे होते, आणि एखादे रेखाटन त्यांचे की त्यांच्या शिष्याचे हे ठरवताना अभ्यासक त्यांच्या छायारेषांची हीच डावी दिशा पाहतात. माझ्या वर्गात डावखुरी एकटी ती विद्यार्थिनीच होती. भिंतीवर तशा रेघांची चित्रे अकरा होती.

रेघांची दिशा मुद्दाम बदलता येते, किंवा कागद फिरवून काढला तर ती आपोआप बदलते. म्हणून मी दुसरी खूण शोधली आणि ती कानांत सापडली. अकरांपैकी नऊ चित्रांत कानाच्या आतली घडी मराठी ३ या अंकासारखी काढलेली होती, वरचा फुगवटा लहान, खालचा मोठा आणि शेवटी बाहेर वळलेली छोटी शेपटी. नऊ वेगवेगळ्या मुलांचे कान, आणि सर्वांत तोच ३. जोव्हान्नी मोरेल्ली (१८१६ ते १८९१) हे इटालियन कलापारखी मुळात वैद्यकाचे विद्यार्थी होते. चित्रकाराचा हात चेहऱ्याच्या भावात शोधू नये, तो कान, नखे, बोटे अशा जागी शोधावा, कारण तेथे चित्रकार लक्ष न देता सवयीने काढतो, असे त्यांचे म्हणणे होते. मला ती पद्धत शाळेच्या कागदांवर वापरावी लागेल असे कधी वाटले नव्हते. अकरांपैकी एक चित्र त्या विद्यार्थिनीचे स्वतःचे होते. उरलेल्या दहांवर इतर दहा जणांची नावे होती.

पहिली चूक

पुढच्या तासाला मी त्यातली दोन चित्रे वर्गासमोर धरली आणि ती कोणी काढली असे विचारले. कोणीही बोलले नाही. मी कोणाचे नाव घेतले नव्हते, तरी बघता बघता सगळ्या माना मागे, ती विद्यार्थिनी बसे त्या टेबलाकडे वळल्या. दहा जणांना या कामाचे गुण मिळणार नाहीत असे सांगून मी फळ्याकडे वळले.

त्यानंतर त्या विद्यार्थिनीने तीन आठवडे कागदावर काहीही काढले नाही. ती कागद घेई, वरच्या कोपऱ्यात नाव आणि तारीख घाली आणि तास संपेपर्यंत पेन्सिलीला टोक करत बसे. त्या दहा जणांनी चित्र पालथे घालून ठेवण्याची सवय लावून घेतली आणि मी टेबलाजवळ गेले की त्यांचे हात थांबत. ज्यांचा या प्रकाराशी संबंध नव्हता तेही आता एकमेकांच्या कागदाकडे बघायला कचरू लागले. चित्रकलेच्या वर्गात हे फार मोठे नुकसान आहे, कारण या वयातली मुले शेजाऱ्याचे काम बघूनच निम्मे शिकतात.

मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी वर्गांच्या चित्रफिती तपासून १९७० साली मांडलेला निष्कर्ष मला प्रशिक्षणाच्या काळापासून ठाऊक होता. वर्ग चांगला सांभाळणारे आणि न सांभाळू शकणारे शिक्षक यांच्यातला फरक गैरवर्तन घडल्यावर ते काय करतात यात फारसा दिसत नाही; गैरवर्तन घडूच नये अशी रचना ते आधी कशी करतात, यात तो दिसतो. हे ठाऊक असूनही मी घडलेल्या गोष्टीला शिक्षा देऊन मोकळी झाले. ती घडू देणाऱ्या रचनेकडे मी पाहिलेच नव्हते. ती माझीच रचना होती.

चौकशीत काय कळले

तीन आठवड्यांनंतर मी प्रत्येकाशी वेगळे बोलायचे ठरवले. समोर बसवून प्रश्न विचारण्याऐवजी मी एकेकाला कुंचले धुण्याच्या किंवा कागद वाळत घालण्याच्या कामाला बरोबर घेतले. हातात काम असले आणि नजरेला नजर भिडवावी लागत नसली की मुले मोकळेपणाने बोलतात, हा माझा जुना अनुभव आहे आणि येथेही तो खरा ठरला.

एक मुलगा म्हणाला, “बाई, माझं चित्र भिंतीवर कधी लागतच नाही. मग मार्क तरी नीट मिळू देत.” एका मुलीने दोन कागद स्वतः काढून फाडले होते, कारण तिच्या चित्रातली मैत्रीण मैत्रिणीसारखी दिसेना आणि ते पाहून मैत्रीण हसली होती. तिसऱ्याने फळ्यावरचा माझा चेहरा दाखवला: “तसं यायला पाहिजे ना? मला तसं येत नाही.” या वयात असे होणे स्वाभाविक आहे. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रविकासाचे जे टप्पे मांडले, त्यांत साधारण नवव्या वर्षापासूनचा काळ वास्तवाची जाण उमलण्याचा मानला आहे आणि त्यापुढच्या टप्प्यावर मूल स्वतःच्या चित्राकडे टीकाकाराच्या नजरेने पाहू लागते, असे म्हटले आहे. नजर पुढे जाते आणि हात मागे राहतो. “मला चित्र येत नाही” हे वाक्य पहिलीतले मूल क्वचितच म्हणते; सातवीत ते दर तासाला ऐकू येते.

त्या विद्यार्थिनीचे कारण सर्वांत साधे होते. ती त्या वर्षी शाळेत नवीन आली होती. “चित्र काढून दिलं की मधल्या सुट्टीत सगळ्या माझ्याजवळ बसतात,” ती म्हणाली, आणि हातातला कुंचला स्वच्छ होऊनही बराच वेळ नळाखाली धरून राहिली. चित्रांच्या बदल्यात तिने कोणाकडूनही काही घेतले नव्हते. मी वर्गासमोर जे मोडले ते तिच्या ओळखीपाळखीचे एकमेव साधन होते, हे मला तेव्हा समजले.

त्या दिवशी घरी जाण्यापूर्वी मी ती अडतीस चित्रे पुन्हा काढली. या वेळी मला दहा चित्रे सोडून उरलेली पाहायची होती, ज्यांना मी प्रामाणिक समजले होते ती. त्यांतल्या सहा चित्रांत नाकाच्या कडेची सावली बाकीच्या चेहऱ्यापेक्षा वेगळ्याच आत्मविश्वासाने आलेली होती: चार-पाच सलग रेघा, दाब हळूहळू कमी होत गेलेला, खोडरबराची एकही खूण नाही. त्या रेघा माझ्या होत्या. मुलांच्या शेजारी बसून, “असं बघ,” म्हणत, त्यांच्या हातातली पेन्सिल घेऊन मी त्या काढल्या होत्या. त्या प्रत्येक वेळी मूल हात मांडीवर ठेवून कसे बघत बसले होते, तेही मला आठवले. अडखळलेले चित्र ज्याचा हात चांगला त्याच्याकडे सोपवायचे असते, हा धडा या वर्गाने माझ्याकडून घेतला होता. त्या विद्यार्थिनीने माझ्यापेक्षा वेगळे काहीही केले नव्हते. इतकेच की, माझ्या मदतीला शिकवणे म्हणतात.

मग मी मागच्या दोन सत्रांतल्या प्रदर्शन-फलकांची छायाचित्रे काढून पाहिली. दर वेळी त्याच सात-आठ जणांची चित्रे लागली होती. गुणांची नोंदवही पाहिली, तर मी गुण पूर्ण झालेल्या चित्राच्या नेटकेपणाला आणि हुबेहूबपणाला दिले होते. वाटेतल्या प्रयत्नांना कोठे जागाच नव्हती, कारण ते प्रयत्न मी पाहिलेच नव्हते. वर्ग काय शिकतो हे फळ्यावरून ठरत नाही, ते भिंतीवर काय लागते आणि वहीत काय लिहिले जाते यावरून ठरते. माझी भिंत आणि माझी वही मुलांना सांगत होती की चित्र चांगले असावे, ते कोणी काढले याला महत्त्व नाही.

चित्र आणि बक्षीस यांच्या संबंधावरचा एक जुना प्रयोग येथे आठवतो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात चित्र काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीच्या वयाच्या काही मुलांना, चित्र काढल्यास प्रशस्तिपत्रक मिळेल असे आधी सांगितले गेले. पुढे मोकळ्या वेळेत ही मुले चित्र काढण्याकडे बाकीच्यांपेक्षा जवळपास निम्माच वेळ वळली. ज्यांना प्रशस्तिपत्रक अचानक मिळाले होते त्यांची आवड मात्र घटली नव्हती. रूथ बटलर यांचा १९८८ सालचा अभ्यास थोड्या मोठ्या, पाचवी-सहावीच्या मुलांवरचा आहे. ज्यांना कामावर फक्त लेखी अभिप्राय मिळाला त्यांचे पुढचे काम सुधारले. ज्यांना गुण मिळाले त्यांचे नाही, आणि ज्यांना गुण व अभिप्राय दोन्ही मिळाले त्यांनाही अभिप्रायाचा लाभ झाला नाही. बटलर यांच्या अभ्यासातील कामे चित्रकलेची नव्हती, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा कलाकक्षात आणणे योग्य नाही. तरीही गुणांचा आकडा दिसला की मूल शेजारची ओळ वाचत नाही, हे मी स्वतः दर सत्रात पाहिले होते.

रचनेतले बदल

सर्वांत आधी मी माझ्या हाताचा नियम केला. कोणत्याही विद्यार्थ्याच्या कागदावर माझी पेन्सिल टेकणार नाही. काही दाखवायचे असेल तर ते मी शेजारच्या रद्दी कागदावर दाखवीन, किंवा चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर रेघ ओढीन आणि तो कागद काढून घेईन. हा नियम मी वर्गाला कारणासह सांगितला. सहा चित्रांतली नाके मी काढली होती हेही सांगितले. वर्गाची माफी मागितली, आणि त्या विद्यार्थिनीची माफी वेगळी, एकटीला भेटून मागितली. तिचे नाव पुन्हा सर्वांसमोर काढणे मला योग्य वाटले नाही.

त्यानंतर कामाचे स्वरूप बदलले. कागद आता घरी जात नसत. प्रत्येकाच्या नावाची एक मोठी फाइल केली आणि फसलेल्या कागदांसह सर्व कागद तारीख घालून त्यात राहू लागले. पहिले सहा आठवडे मी फक्त अशी कामे दिली की जी दुसऱ्याने करून देणे शक्यच नव्हते. सुरुवात स्वतःच्या हाताच्या बाह्यरेषेने झाली, तीही कागदाकडे न पाहता. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीग या कलाशाळेत शिकवणारे किमॉन निकोलाइडिस यांनी बाह्यरेषेच्या सरावासाठी सुचवलेली कल्पना मी वापरली: पेन्सिलीचे टोक कागदावर नसून वस्तूच्या कडेवरच टेकले आहे असे समजायचे, आणि नजर जितकी सरकेल तितकीच पेन्सिल सरकवायची. पाच मिनिटांत करंगळीपासून अंगठ्यापर्यंत पोहोचायचे, इतके सावकाश. या पद्धतीत कोणाचेच चित्र ‘चांगले’ येत नाही. बोटे कागदाबाहेर जातात, मनगट भलतीकडे निघते, पण नखाजवळची सुरकुती मात्र अशी येते की फळ्यावरचे कोणतेही मोजमाप ती शिकवू शकत नाही. ज्यांना चित्र येत नव्हते आणि ज्यांना येत होते ते पहिल्यांदाच एका पायरीवर उभे राहिले.

त्या विद्यार्थिनीला हे काम सर्वांत जड गेले. इतर मुले आपला डावा हात समोर ठेवून उजव्याने काढत होती. ती उजवा समोर ठेवून डाव्याने काढत होती. पहिल्या दिवशी तिने तीनदा कागदाकडे चोरून पाहिले, ठरावीक नखे काढली, आणि मग चिडून पेन्सिल खाली ठेवली. तिच्याकडे बोटांचे, डोळ्यांचे, कानांचे तयार आकार होते आणि वर्षानुवर्षे ते तिच्या उपयोगी पडले होते. दहा जणांसाठी दहा चेहरे काढताना तिने खरे तर एकच चेहरा दहा वेळा काढला होता. या प्रकरणात सर्वांत जास्त तिचेच शिकणे थांबले होते असे माझे मत आहे. इतरांनी निदान आपल्याला चित्र येत नाही हे तरी जाणले होते. आपण थांबलो आहोत हे तिला कोणीच सांगितले नव्हते, आणि दर वेळी तिचे चित्र भिंतीवर लावून मीच तिला तसे कळू दिले नव्हते.

तिला साहाय्यक नेमावे, मागे पडलेल्यांना तिने शिकवावे, असे एका सहकाऱ्याने सुचवले. सूचना चांगल्या हेतूने केलेली होती आणि इतर विषयांत ती उपयोगी पडतेही. पण मी ती स्वीकारली नाही, कारण तसे केले असते तर तिची वर्गातली जागा पुन्हा इतरांसाठी चित्र काढण्याचीच राहिली असती; फरक इतकाच की आता त्याला माझी संमती असती. त्याऐवजी टेबलावरच्या जागा दर दोन आठवड्यांनी बदलत ठेवल्या आणि कागद वाटणे, पेन्सिलींची मोजणी, फाइली लावणे ही कामे दोघादोघांच्या जोड्यांना दिली, म्हणजे ओळख होण्यासाठी चित्राची गरज उरणार नाही.

जागा बदलताना एक गोष्ट उशिरा लक्षात आली आणि ती माझ्यासारख्या उजव्या हाताच्या शिक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही. आमच्या कक्षातला उजेड डावीकडच्या खिडक्यांतून येतो. उजव्या हाताने काढणाऱ्याला तो सोयीचा असतो, कारण हाताची सावली कामाबाहेर पडते. डावखुऱ्याच्या बाबतीत नेमकी हाताचीच सावली पेन्सिलीच्या टोकापुढे पडते. शिवाय डावीकडून उजवीकडे काम सरकवले तर तळहाताची कड काढलेल्या भागावरून फिरते आणि शिसे पसरते. ती विद्यार्थिनी कायम मागच्या टेबलाच्या डाव्या टोकाला बसे, ते लपण्यासाठी असे मी समजत होते. कोणाच्या कोपराला तिचे कोपर लागू नये म्हणून तिने ती जागा निवडली होती. मी तिला खिडकीकडे पाठ येणार नाही आणि उजेड उजवीकडून येईल अशा, उलट दिशेला तोंड असलेल्या जागी बसवले, हाताखाली ठेवायला एक कोरा कागद दिला, आणि काम उजव्या कडेकडून सुरू करून पाहायला सांगितले. सातवीपर्यंत हे तिला कोणीच सांगितले नव्हते.

वर्गासमोर उभे राहून सर्वांना एकदम दाखवणे मी कमी केले. नऊ-दहा जणांना एका टेबलाभोवती बोलावून तीन-चार मिनिटे दाखवायचे आणि दाखवलेला कागद लगेच काढून ठेवायचा, असे सुरू केले. यात एकच गोष्ट चार वेळा सांगावी लागते आणि बाकीचे तोवर काय करतात हा प्रश्न उरतोच. म्हणून प्रत्येक तास दहा मिनिटांच्या ठरलेल्या सरावाने सुरू होऊ लागला, ज्यासाठी माझी गरज नसे. साहित्य प्रत्येक टेबलावर एका ट्रेमध्ये आधीच असे: एचबी, २बी आणि ४बी पेन्सिली, दोन खोडरबर, एक शार्पनर. शेवटची आठ मिनिटे आवराआवरीसाठी राखली, आणि ती कमी पडली तर काम थांबवायचे, आवरणे नाही, हा नियम मी स्वतःवर घातला.

गुणांच्या बाबतीत मुख्याध्यापकांशी बोलावे लागले, कारण सत्राअखेर आकडा देणे बंधनकारक होते. ठरले ते असे: सुट्या कागदांवर आकडा येणार नाही, एक-दोन वाक्यांचा अभिप्राय येईल, सत्राअखेर विद्यार्थी आपल्या फाइलीतून तीन कागद स्वतः निवडेल, त्यातला एक फसलेला असलाच पाहिजे, आणि प्रत्येक कागदावर आपण काय पाहिले ते चार ओळींत लिहील. गुण या संपूर्ण संचाला मिळतील. भिंतीवर आता हजेरीच्या क्रमाने सर्वांची कामे लागू लागली आणि अर्धवट कामेही लागू लागली.

पुढचे चार महिने

सुरुवातीला वर्ग माझ्या हातून सुटल्यासारखा वाटला. गोंगाट वाढला. कागदाचा खर्च दीड महिन्यात एरवीच्या दुप्पट झाला. भिंत, बाहेरच्या माणसाच्या नजरेने पाहिली तर, आधीपेक्षा वाईट दिसू लागली, आणि एका पालकांनी तसे बोलूनही दाखवले. त्यांना मी त्यांच्या मुलाची फाइल पहिल्या कागदापासून क्रमाने दाखवली. त्यांनी ती शांतपणे पाहिली. समाधान झाले असे ते म्हणाले नाहीत, पण तक्रार पुढे नेली नाही. अभिप्राय लिहिण्याचे काम तर मी फार कमी लेखले होते. अडतीस कागदांवर ‘छान’ किंवा ‘अजून प्रयत्न कर’ न लिहिता त्या कागदाबद्दलचे काही लिहायचे म्हटले की दोन तास लागतात. काही आठवडे मला ते जमले नाही आणि तेव्हा मी अर्ध्याच वर्गाला अभिप्राय दिला, उरलेल्यांना पुढच्या आठवड्यात.

तिसऱ्या महिन्यात फरक दिसू लागला. ज्या मुलाने मार्कांबद्दल सांगितले होते, त्याने स्वतःच्या बुटाची सात चित्रे काढली. सहावे चित्र सातव्यापेक्षा चांगले होते आणि निवड करताना त्याने सहावेच ठेवले. ‘सातव्या वेळी मला बूट पाठ झाला होता, म्हणून मी बघितलाच नाही,’ असे त्याने खाली लिहिले होते. मित्राच्या चेहऱ्यावर हसण्याचा प्रकारही हळूहळू थांबला, कारण सगळ्यांचेच चेहरे वाकडे येऊन गेले होते. सर्वांनाच हे लाभले असे मी म्हणणार नाही. त्या दहांपैकी दोघे अजूनही सावलीची जागा कोरी सोडतात आणि मी जवळ गेले की पेन्सिल माझ्याकडे धरतात. मी ती घेत नाही. शेजारच्या रद्दी कागदावर रेघा ओढून दाखवते, आणि बहुतेक वेळा त्यानंतरही त्यांची जागा कोरीच राहते. त्यांच्यासाठी काय करावे याचे उत्तर मला सापडलेले नाही. बोटाने शिसे पसरवून किंवा कोळशाने सावली काढायला देऊन पाहणार आहे, कारण अडचण रेघेची असावी असा माझा कयास आहे.

सत्राच्या शेवटी तेच काम मी पुन्हा दिले: समोर बसलेल्या व्यक्तीचे चित्र, तोच ए४ कागद, तेच तीन आठवडे. फळ्यावर या वेळी चेहरा काढला नाही. अडतीस चित्रे भिंतीवर लावली तेव्हा डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या रेघा एकाच चित्रात होत्या. त्या विद्यार्थिनीने समोर बसणाऱ्या मुलाचा चेहरा काढला होता. दोन डोळे सारखे नव्हते, कारण त्याचे ते तसे नाहीतच. हनुवटीखालची सावली तिने दोनदा खोडून तिसऱ्यांदा काढल्याचे कागदावर दिसत होते. केस होते, मान होती, सदऱ्याची कॉलर होती. कानाच्या बाहेरच्या कडेची फिकट रेघ होती आणि तिच्या आत कागद कोरा होता.

मी कारण विचारले. “तो मागच्या तासाला आला नव्हता बाई,” ती म्हणाली. “कान राहिलाय. तो आला की बघून काढते.”